भारतमाता, हिंदमाता, चित्रा… पुढे चला!

मागच्या आठवड्यात माळ्यावरून ट्रंक उतरवली, तिच्यात २०१९ची डायरी निघाली. वर्षभराची पानं कोरी, फक्त फेब्रुवारीतले चार दिवस गच्च भरलेले. पानांमध्ये चार तिकिटं दाबून ठेवलेली. त्या चार दिवसांत मी मुंबईला जाऊन नक्की काय केलं, हे आमच्या घरी अजून कुणाला पटलेलं नाही. "लग्न नाय, कार्य नाय, मगे गेलंस कशाक?" असं बायको तेव्हाही म्हणाली होती.

कारण तसं होतं. लालबागची आमची चाळ पाडणार होते. तिथल्या खोलीत माझा चुलतभाऊ, आम्हा सगळ्यांचा दादा, राहत होता. त्याचा फोन आला, "मार्चात खोली खाली करूची आसा. एकदा येवन जा." मी त्या खोलीत सोळा वर्षांचा होईपर्यंत वाढलो. मग १८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला, आणि वर्ष उलटायच्या आत आम्ही बिछाने गुंडाळून कुडाळला आलो ते आलोच.

शुक्रवार, २२ फेब्रुवारी

तुतारी एक्स्प्रेसने सकाळी दादरला उतरलो. दादा न्यायला आला होता. एकतीस वर्षं बेस्टमध्ये कंडक्टर, त्यातली निम्मी तरी आंबेडकर रोडवर. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, पण बसमध्ये चढला की अजून पाय फाकवून, कशालाही न धरता उभा राहतो. आम्ही लालबागची बस धरली. खऱ्या कंडक्टरने तोंड उघडायच्या आधीच दादा पुटपुटायला लागला, "चित्रा… हिंदमाता… परळ… भारतमाता…"

मी लहानपणी हीच नावं त्याच्या मागून उलटसुलट म्हणायचो. शाळेत नद्यांची नावं पाठ नव्हती, पण लालबागहून दादरकडे निघालं की जयहिंद, भारतमाता, हिंदमाता, चित्रा, ब्रॉडवे ही टॉकीजं तोंडपाठ. देशातल्या निम्म्या माता त्या एका रस्त्यावर होत्या.

चहा झाला, वहिनीने घावणे केले होते ते झाले, आणि साडेअकराला आम्ही भारतमाताकडे निघालो. २०११मध्ये लालबागचा उड्डाणपूल झाला, त्यामुळे टॉकीज आता पुलाच्या कुशीत बसल्यासारखं दिसतं. दादाचा त्या पुलावर राग आहे. "बस वरसून गेली काय स्टॉप खाली ऱ्हवता," असं त्याचं म्हणणं.

भारतमाताची जागा गिरणीची. हे सांगितल्याशिवाय हे टॉकीज कळत नाही. गिरण्या तीन पाळ्यांत चालत: सकाळी सात ते साडेतीन, साडेतीन ते रात्री बारा, बारा ते सात. सिनेमाचे खेळ बाराला, तीनला, सहाला आणि नऊला. आता हे दोन्ही शेजारी मांडून बघा. दुसऱ्या पाळीवाला बाराचा मॅटिनी बघून, तसाच डबा घेऊन भोंग्याला हजर. पहिल्या पाळीवाला घरी येऊन आंघोळ, चहा करून बायकापोरांना घेऊन सहाच्या खेळाला. तिसऱ्या पाळीवाला सहाचा खेळ बघून खानावळीत जेवून बाराला आत. नऊच्या खेळाला मात्र तशी कुणाची घाई नसे, म्हणून तो खेळ उनाडांचा. आमच्या घरात भिंतीवर घड्याळ नव्हतं. भोंगा आणि टॉकीज सुटल्यावर जिन्यातून येणारे चपलांचे आवाज, एवढ्यावर आई कुकर लावायची.

शिवाय एक गोष्ट बाहेरच्या माणसाला माहीत नसते. एकेका गाळ्यात वीस-पंचवीस पुरुष राहत, पाळीपाळीने झोपत. रात्रपाळी करून आलेल्याला दिवसा उजेडात, कलकलाटात झोप येत नसे. असे लोक लोअर स्टॉलचं सगळ्यात स्वस्त तिकीट काढून मॅटिनीला झोपायला येत. अंधार, पंखा आणि तीन तास कुणी उठवणार नाही. डोअरकीपरला ते ठाऊक असे. खेळ सुटला की तो बॅटरीचा झोत तोंडावर न मारता पायावर मारायचा आणि म्हणायचा, "काका, पाळी." माझे वडील साचेखात्यात, म्हणजे मागावर होते. ते आयुष्यात तीसेक सिनेमांना गेले असतील आणि त्यातले चारपाच पुरे बघितले असतील.

संपाच्या वर्षात तिकिटाला पैसे नव्हते. तेव्हा मी आणि दादाचा धाकटा भाऊ टॉकीजच्या बाजूच्या बोळात जाऊन बसायचो. आतलं दार उकाड्यामुळे अर्धवट उघडं ठेवत आणि पुढे जाड पडदा असे. दिसत काही नसे, ऐकू सगळं येई. त्या उन्हाळ्यात मी तीन सिनेमे कानांनी बघितले. पुढे काही वर्षांनी त्यातला एक दूरदर्शनवर लागला तेव्हा मी नाराज झालो. माझ्या डोक्यातली नायिका याहून बरी होती.

आज खेळाला माणसं किती? मोजली: अठ्ठेचाळीस. त्यात बहुतेक बायका, साठीच्या पुढच्या, पिशवीत पाण्याची बाटली घेऊन आलेल्या. मराठी सिनेमा, परवडणारं तिकीट आणि घरून चालत येता येईल असं ठिकाण, या तीन गोष्टी जिथे अजून एकत्र नांदतात असं हे टॉकीज. ते पाडायची भाषा अधूनमधून होते, मग मराठी माणसं जमतात, बातम्या येतात, पुन्हा शांत. इंटर्व्हलला दादाने खारे दाणे आणले. पुडी वर्तमानपत्राची नव्हती, प्लॅस्टिकची होती. तेवढं एक खटकलं.

सिनेमा बरा होता. दादा मध्यंतरानंतर झोपला. मी त्याला उठवलं, "दादा, पाळी." तो दचकून उठला आणि मग दोघंही हसलो ते पार चाळीपर्यंत.

शनिवार, २३ फेब्रुवारी

आज चालायचं ठरलं. लालबाग ते दादर, आंबेडकर रोडने, मधल्या सगळ्या टॉकीजांची हजेरी घेत.

जयहिंद आणि गणेश टॉकीजचं जुनं असं काही उरलेलं नाही, दादा नुसता हात करून दाखवत होता. "हय पडदो होतो. हय ब्लॅकवालो उभो ऱ्हवायचो, दो का पाच, दो का पाच." तो ब्लॅकवाला आमच्याच चाळीतला, तळमजल्यावरचा. दिवाळीत सगळ्या पोरांना टिकल्यांच्या डब्या वाटायचा, म्हणून त्याच्याबद्दल कुणी वाईट बोलत नसे.

हिंदमाता म्हटलं की आता पोरांना दोनच गोष्टी आठवतात: कापडबाजार आणि पावसाळ्यात टीव्हीवर दिसणारं तुंबलेलं पाणी. दरवर्षी जूनमध्ये कुडाळला बातम्यांत "हिंदमाता परिसर जलमय" असं ऐकलं की मी बायकोला सांगतो, अगं ते टॉकीज होतं. ती म्हणते, गेल्या वर्षीही सांगितलंत.

चित्रा तेव्हा चालू होतं. बाहेर फिरती पोरं सेल्फी काढत होती. आम्ही आत गेलो नाही, "पुढच्या वेळी बघू" म्हणालो. त्याच वर्षीच्या मे महिन्यात चित्रा बंद झालं. डायरीत त्या दिवशी मी लिहिलंय: "चित्रा – बाहेरून. पाय दुखत होते." हे एक वाक्य आता वाचवत नाही.

दादरला कोहिनूर टॉकीज होतं. त्याच्या दारात आपलं मराठी माणसाचं एक महाभारत घडलं. १९७१ साली दादा कोंडक्यांचा 'सोंगाड्या' इथे लागायचा होता आणि टॉकीज हिंदी सिनेमाला द्यायचं घाटत होतं. शिवसेना मधे पडली, सिनेमा लागला आणि मग हटेचना. दादा कोंडके नायगावचे, गिरणी कामगाराच्या घरातले. त्यामुळे आमच्या चाळीत ती बातमी सिनेमाची नव्हती, घरची होती. मी पाच वर्षांचा होतो, मला त्यातलं प्रत्यक्ष काहीच आठवत नाही. पण ही गोष्ट इतक्यांदा ऐकलीय की आपण खांद्यावर बसून ते सगळं बघितलं असं मी खुशाल सांगतो.

प्लाझासमोर उभा राहिलो की मला एकाच वेळी दोन गोष्टी आठवतात. एक, शांतारामबापूंचं टॉकीज म्हणून वडील तिथे चपला झटकून आत जायचे. दुसरी, १२ मार्च १९९३. त्या दुपारच्या बॉम्बस्फोटांत प्लाझाही होतं. दादाची बस त्या वेळी दादरच्या पुलावर होती. तो याबद्दल बोलत नाही. आजही बोलला नाही, फक्त रस्ता ओलांडताना माझं मनगट धरलं, मी त्रेपन्न वर्षांचा असूनही.

समोर शिवाजी मंदिर नाट्यगृह. १९६५ साली सुरू झालेलं. इथली खिडकी बघून बरं वाटलं. पूर्वी नाटकाचा 'प्लॅन' लागायचा: कागदावर खुर्च्यांचे चौकोन, खिडकीतला माणूस पेन्सिलीने फुली मारणार. आपण मान आत घालून "तिसऱ्या रांगेत कोपऱ्याचं द्या" म्हणणार. तो "कोपरा गेला" म्हणणार आणि त्याच्या पेन्सिलीखालच्या कोऱ्या चौकोनाकडे आपण बघत राहणार. तो चौकोन कुणासाठी राखलेला असे, हे महाराष्ट्राला कधीच कळलं नाही. बटाटावडा खाल्ला. चव तीच आहे की नाही, ते माझी जीभ आता सांगू शकत नाही, पण गरम होता.

संध्याकाळी उलटं परळला, दामोदर हॉलमध्ये. इथे मात्र थांबतो, कारण आमचं खरं नाट्यगृह हे.

दामोदर १९२२चं. परळचं, कामगारांचं. कामगार रंगभूमी इथे वाढली. इथे नमन, शक्ती-तुरा, दशावतार, आणि गावोगावच्या मंडळांची हौशी नाटकं. गावाकडच्या देवळाच्या जीर्णोद्धारासाठी चाकरमान्यांनी नाटक लावायचं तर दामोदरलाच. तिकीटविक्रीतून घंटा, पायऱ्या, पत्रे. आमच्या गावच्या रवळनाथाच्या सभामंडपाचा अर्धा पत्रा दामोदरच्या बाल्कनीने दिलाय, असं वडील म्हणत. माझं रंगभूमीवरचं एकुलतं एक पदार्पणही इथलंच. भालदार. संवाद एक: "महाराजांचा विजय असो." तो मी 'विजेय' असा म्हणालो आणि पहिल्या तीन रांगा, म्हणजे सगळा गाव, पुढची दोन वर्षं मला विजेय म्हणत असे.

त्या रात्री दशावतार होता. मी कुडाळचा, म्हणजे दशावताराच्या आगरातला माणूस, मुंबईत येऊन तिकीट काढून दशावतार बघतोय! गावात तो देवळासमोर, रात्री अकराला सुरू होऊन कोंबडं आरवेपर्यंत, शेवटी दहीकालो. इथे सातला सुरू, दहाच्या आत उरकायचा. संकासुर आला, त्याने शेवटच्या लोकलवरून एक कोटी केली. कसबी माणूस. पण राजाने युद्धाला निघताना घड्याळ बघितलं असावं, अशी मला शंका आहे. लढाई फार चटकन संपली. स्त्रीपार्टी मात्र असा की माझ्या शेजारची म्हातारी त्याच्या पातळाची किंमत काढत होती.

रात्री बाहेर येताना दादा म्हणाला, "ह्यो हॉल ऱ्हवतलो. ह्येका कोण हात लावचो नाय." नोव्हेंबर २०२३मध्ये तोही पुनर्विकासासाठी बंद झाला. कलावंतांनी आवाज उठवला होता. मला ते दादाने फोनवर सांगितलं. मी त्याला त्याचं जुनं वाक्य आठवून दिलं नाही.

रविवार, २४ फेब्रुवारी

गिरगाव. हे आमचं नव्हे. आम्ही तिकडे मावशीकडे जायचो, इस्त्रीचे कपडे घालून. तिथले लोक सिनेमाला 'चित्रपट' म्हणायचे.

सगळीकडे भुयारी मेट्रोचे पत्रे ठोकलेले. त्या पत्र्यांच्या अरुंद गल्लीतून चालताना दादाला मी व्याख्यान दिलं. याच भागात, कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये, ३ मे १९१३ला फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' लागला. इथल्याच मॅजेस्टिकमध्ये १४ मार्च १९३१ला भारतातला पहिला बोलपट 'आलम आरा' लागला. म्हणजे आपल्याकडचा सिनेमा मुका असताना इथे आला आणि बोलायलाही इथेच शिकला, चालत जायच्या अंतरात. आता मॅजेस्टिकचं नाव दुकानांच्या संकुलाला आणि पुस्तकवाल्यांना उरलंय. कोरोनेशनचं तेही नाही. दादाने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "हयचो स्टॉप खंयचो?"

साहित्य संघाचं नाट्यगृह बंदच होतं, प्रयोग नव्हता. बाहेरूनच नमस्कार. मावशीने मला इथे पहिलं संगीत नाटक दाखवलं आणि मी नांदीलाच झोपलो.

मग ऑपेरा हाऊस. १९११मध्ये, बांधकाम चालू असतानाच, पंचम जॉर्जने उद्घाटन केलेलं. आधी ऑपेरा, मग नाटकं, मग सिनेमे. १९९३मध्ये बंद आणि २०१६मध्ये दुरुस्त होऊन पुन्हा उघडलं. बाहेरून बघितलं तर लग्नाच्या केकसारखं दिसतं. सगळी नक्षी जागच्या जागी, रंग ताजा. मला आनंद व्हायला हवा होता, झालाही थोडा. पण आपली एखादी मावशी अचानक हिऱ्यांच्या कुड्या घालून समोर यावी आणि तिला आता अगं म्हणावं की अहो, असा पेच पडतो ना, तसं झालं. दारावरच्या रखवालदाराने "काय पाहिजे?" असं विचारलं. काही नको होतं.

परतताना ग्रँट रोडकडून पिला हाऊसवरून आलो. हे नाव म्हणजे इंग्रजी 'प्ले हाऊस'. तिथे इतकी थिएटरं होती की वस्तीलाच ते नाव पडलं आणि मग मुंबईने ते चावून चावून पिवळं केलं. दादा कंडक्टर असताना एका नव्या साहेबाने त्याला विचारलं होतं की पिवळं घर कुठलं. दादाने त्याला शेवटच्या स्टॉपपर्यंत नेलं होतं.

सोमवार, २५ फेब्रुवारी

मुंबई सेंट्रल, मराठा मंदिर, साडेअकराचा खेळ. ऑक्टोबर १९९५पासून इथे 'दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे' लागलाय. १९५८चं हे टॉकीज. १९६०मध्ये 'मुघल-ए-आझम' इथेच उघडला, तेव्हा दारात हत्ती उभे केले होते म्हणतात. आज दारात दोन कुत्री आणि एक उसाचा रसवाला.

तिकीट वडापाव-चहाच्या पैशात. सोमवार, तरी दीडेकशे माणसं असतील. समोरच बसस्थानक आणि रेल्वे, त्यामुळे निम्म्यांच्या पायाशी बॅगा. गाडीला वेळ आहे म्हणून आलेले. दोन रांगा सोडून एक माणूस, डोक्याखाली हात, पाय पुढच्या खुर्चीवर, खुशाल घोरत होता. मी दादाला कोपराने खूण केली. त्याने बराच वेळ त्या माणसाकडे बघितलं. "रातपाळी," तो म्हणाला. "सिक्युरिटीवालो असतलो."

मग माझं पडद्याकडे लक्षच लागेना. गिरणीच्या जागी मॉल आला, मॉलमध्ये पडदे आले, तिथे खुर्ची मागे रेलते, पाय ठेवायला उशी असते. पण तिथलं तिकीट काढून झोपायला कुणाची छाती आहे? इथे तो माणूस नायिका धावायला लागली, शिट्ट्या पडल्या, तरी हलला नाही. डोअरकीपर आला. म्हातारा होता. बॅटरीचा झोत त्याने पायावर मारला. काय म्हणाला ते ऐकू आलं नाही.

खेळानंतर मी चौकशी केली की यंत्राची खोली बघता येईल का. नाही म्हणाले, आणि ते बरोबरच होतं. मी दादाला बाहेर चहा पिताना सांगत बसलो. पूर्वी दोन यंत्रं असत, एका रिळाला वीसेक मिनिटं. रीळ संपत आलं की पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात वर एक ठिपका चमके, मग दुसरा, आणि तेवढ्यात ऑपरेटरने दुसरं यंत्र सुरू करायचं. कार्बनच्या दोन कांड्या जवळ आणून ठिणगीचा उजेड पाडत. कांडी झिजली आणि लक्ष नसलं की पडदा लाल व्हायचा आणि खालून पब्लिक ओरडायचं. आता सगळं संगणकावर.

"मगे ओरडतत कोणार?" दादाने विचारलं.

रात्री खोलीत शेवटचं जेवलो. वहिनीने भांडी आधीच खोक्यांत भरली होती, त्यामुळे सोलकढी स्टीलच्या डब्याच्या झाकणातून प्यायलो. दादाने मला कपाटामागची भिंत दाखवली. तिथे पेन्सिलीने लिहिलेली नावं होती, माझ्या अक्षरात: जयहिंद, गणेश, भारतमाता, हिंदमाता, चित्रा, ब्रॉडवे. प्रत्येकापुढे काड्या. बघितलेल्या सिनेमांचा हिशेब. भारतमातापुढच्या तीन काड्या आडव्या होत्या. त्या कानांनी बघितलेल्या. मी फोटो काढला, फ्लॅशमुळे पांढरा आला.

तुतारी दादरहून मध्यरात्री सुटते. दादा सोडायला आला, नको म्हटलं तरी. खिडकीपाशी उभा राहून चार दिवसांत जे बोलायचं राहिलं ते बोलायच्या ऐवजी, डब्यात पंखे किती चालू आहेत ते मोजत राहिला. बेस्टमध्ये एक घंटी म्हणजे थांब आणि दोन म्हणजे चल. गाडी सुटायची वेळ झाली तसा त्याने हात वर केला, डोक्यावरची नसलेली दोरी दोनदा ओढली आणि मोठ्याने म्हणाला, "टण टण!"

गाडी हलली नाही. पाच मिनिटं झाली, दहा झाली. आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. शेवटी दादा खिशात हात घालून म्हणाला, "ही आमच्या डेपोची नाय रे," आणि दाणे आणायला गेला.